साहेबांचा चेहरा आतल्या बाजूला

दिवाळीच्या सुट्टीपुरता बायकोने मला नियम घालून दिला होता. राजकारण, क्रिकेट आणि देव या तीन विषयांवर तोंड उघडायचं नाही. तिचंही बरोबर आहे. गेल्या भाऊबीजेला मी तिच्या भावाशी एकाच जेवणात या तिन्हींवर भांडलो होतो आणि तो ओवाळून न घेताच निघून गेला होता.

मी कबूल केलं. चकल्या खात गप्प बसलो. पण पाडव्याच्या सकाळी आमच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन टी-शर्टांचं बोचकं घेऊन दारात उभा राहिला आणि तिन्ही विषय एकदमच घरात शिरले.

कॅप्टन उरणकडचा कोळी. आमच्याच इमारतीत राहतो, द्रोणागिरीला गोदामात नोकरी करतो. गावाकडे घरच्या होडीची पूजा झाली की त्याच ताटातलं हळदकुंकू तो आपल्या बॅटलाही लावतो. सोसायटीच्या संघात मी सगळ्यांत वडीलधारा, म्हणजे ज्याला फिल्डिंगला कुठे उभं करावं हे कुणालाच कळत नाही असा.

टी-शर्ट उलगडला. छातीवर आमच्या भागातले नेते, हात जोडलेले. पाठीवर पुन्हा तेच, हात हलवताना.

"यात माझं नाव कुठे आहे?"

"नाव नाय बसलं, काका. तिथं साहेबांची बोटं आली."

साहेबांशी माझं वाकडं का, ते सांगतो. आमच्या इमारतीमागे मैदानासाठी राखीव प्लॉट आहे. त्यावर साहेबांचे डंपर उभे असतात. उलव्याच्या बांधकामांवर जातात, रात्री मुक्कामाला परत येतात. विचारायला गेलं की साहेब प्रेमाने म्हणतात, "दोन दिवसांत हलवतो." पावसाळा गेला, एका डंपरखाली मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी झाली. सोसायटीची पोरं पार्किंगमध्ये खेळतात आणि ओरडा खातात. आणि आता साहेबांनी भाड्याच्या टर्फवर दिवाळी चषक भरवला होता. जेवण पळवायचं आणि बडीशेप वाटायची, त्यातला प्रकार.

"मी हा घालणार नाही," मी म्हणालो.

"मग खेळता येनार नाय. नियम हाय."

बाणेदारपणा आणि क्रिकेट यांच्यात निवड करायची वेळ आली की माझ्यात क्रिकेट जिंकतं. पण पूर्ण नाही. मी टी-शर्ट उलटा करून घातला. साहेबांचा चेहरा आत, माझ्या पोटाशी. कापड पातळ असल्यामुळे ते आतूनही अंधुक हसत होते, त्याला माझा इलाज नव्हता.

पहिल्याच सामन्यात समोरच्याने मारलेला शेवटचा चेंडू माझ्या नडगीवर आपटून थांबला. मी अडवला नव्हता, मला चुकवता आला नव्हता. आम्ही एका धावेने जिंकलो. कॅप्टन धावत आला आणि माझ्याकडे पाहून थबकला.

"काका, मुद्दाम उलटा घातलाय?"

"मुद्दाम. निषेध आहे."

"निषेध-बिषेध ऱ्हाऊ द्या. लकी हाय!"

दुसऱ्या सामन्याला अख्खा संघ टी-शर्ट उलटे करून उतरला. मी प्रत्येकाला गाठून समजावलं की हा टोटका नाही, यामागे नागरिकाचा विचार आहे, मैदान आहे. कॅप्टनने नारळ वाढवला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाला, "आसं बोलून दाखवायचं नसतं, काका. गुण जातो." देव न मानणारा मी त्या दिवशी एका नव्या पंथाचा संस्थापक झालो होतो, आणि माझे अनुयायी माझंच ऐकत नव्हते. आम्ही तोही सामना जिंकलो. माझ्या बाजूने बोलायला पुरावाच उरला नाही.

फायनलला शेवटच्या चेंडूवर सोपा झेल माझ्याकडे आला. अगदी सोपा, बायकोनेही घेतला असता आणि हे ती अजून ऐकवते. पण उलट्या टी-शर्टचं लेबल बाहेर येऊन मानेपाशी वर उभं राहिलं होतं, सकाळपासून टोचत होतं. नेमका त्या क्षणी माझा हात मानेकडे गेला. चेंडू पडला, सामना गेला.

सगळ्यांनी मुकाट्याने टी-शर्ट काढले आणि सरळ करून घातले. माझा पंथ तिथेच बुडाला. उलटा टी-शर्ट फक्त माझ्या अंगावर राहिला. आता मात्र तो निषेधासारखा दिसत होता.

उपविजेत्यांना चषक द्यायला साहेब आले. माईकसमोरच त्यांनी विचारलं, "काय काका, टी-शर्ट उलटा?"

"घाईत घातला, साहेब," कॅप्टन मध्ये पडला. "वय झालंय त्यांचं."

सगळे हसले. मीही हसून चषकाला हात लावला असता तर सगळं निभावलं असतं. पण उतारवयाची सवलत मला तिकिटावर चालते, इथे नको होती.

"घाई नव्हती," मी माईकमध्ये म्हणालो. "तुमचा चेहरा छातीवर नको होता म्हणून उलटा घातला. आमचं मैदान मोकळं करा, सरळ घालतो."

बंडातसुद्धा मी घासाघीस केली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकांचं म्हणणं रास्त आहे. दोन दिवसांत हलवतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दारात आला. आत येईना.

"काका, तुमाला संघातून काढलंय. कॅच सोडला म्हनून. बोललात त्याच्यासाठी नाय, ते ध्यानात ठेवा."

"आणि मैदान?"

"त्ये बघू," तो म्हणाला, पण माझ्या नजरेला नजर न देता.

डंपर अजून तिथेच आहेत. रविवारी मी खडू घेऊन खाली गेलो, एका डंपरच्या चाकावर तीन स्टंप काढले आणि पार्किंगमधल्या पोरांना हाका मारल्या. ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडी काढायचीय." मी म्हटलं, "ओव्हर संपू दे." तो बिडी पेटवून बसला. तिसऱ्या मजल्यावरून कॅप्टन बराच वेळ बघत होता. मग बॅट घेऊन खाली आला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता चाकासमोर उभा राहिला.

टी-शर्ट मी उलटाच घातला होता. आता लेबल टोचत नाही. विषय न काढता बायकोने ते सकाळीच उसवून ठेवलं होतं.