खालच्या सिलिंडरचं तेल

कोणाचीही स्कूटर आली की मिस्त्रीजी मालकाशी एक शब्द बोलत नसत. आधी प्लग काढत, त्या भोकावर उजवा अंगठा दाबून धरत, डोळे मिटत आणि डाव्या हाताने किक दाबत. आतली हवा अंगठ्याला ढकलून फटकन बाहेर आली की डोळे उघडत. "साँस है. बाकी सब फैशन है." हवा नुसतीच फुसकन निसटली तर म्हणत, "साँस नहीं है. रिश्तेदारों को खबर कर दो."

मुलांनो, इतकं झटपट निदान मी कुठल्याही डॉक्टरकडे पाहिलेलं नाही. आणि मी डॉक्टर पुष्कळ पाहिलेत.

आमचा फरीदाबादचा सेक्टर तेव्हा नवा होता. नकाशात बाग होती, बाजार होता, शाळाही होती. प्रत्यक्षात आमचं घर होतं, समोर मोहरीचं शेत आणि कोपऱ्यावर पत्र्याच्या छपराखाली मिस्त्रीजी. तुमचे आजोबा ट्रॅक्टरच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर, पण स्वतःच्या स्कूटरचा प्लग त्यांनी आयुष्यात काढला नाही. कारखान्यात त्यासाठी माणसं होती आणि घरी मिस्त्रीजी.

मिस्त्रीजी मूळचे पानिपतचे. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर ते अगदी अगत्याने म्हणाले होते, "अच्छा! आपके लोग तो आए थे हमारे यहाँ."

"आए थे," मी म्हटलं, "लौटने का इंतज़ाम ठीक नहीं था."

त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

मग देश खुला झाला. मोहरीच्या शेतात गाड्यांची शोरूम उभी राहिली. चार स्ट्रोकच्या मोटरसायकली आल्या, छोट्या मोटारी आल्या, आणि धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरी एकेक करून भंगारात जाऊ लागल्या. छपराखाली कुत्री झोपू लागली. एक दिवस मिस्त्रीजींनी जाहीर केलं, "मैडमजी, मैं नाव चलाऊँगा."

डोंगराच्या पायथ्याशी तलाव होता. रविवारी दिल्लीची माणसं तिथे हवा खायला येत. तिथल्या ठेकेदाराकडे पायाने पेडल मारायच्या होड्या होत्या, आता त्याला मोटरबोट हवी होती. बोट त्याची, मोटर चालवणाऱ्याने आणायची. "रविवारी चालू मोटर घेऊन ये," असं त्याने मिस्त्रीजींना सांगितलं होतं, "नाही आलास तर ही जागा माझ्या मेहुण्याची."

गुरुवारी यमुनेपलीकडून एक सफारी सूटवाला जुनी मोटर विकायला घेऊन आला. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात तसली, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. मिस्त्रीजींनी ती लाकडी घोडीवर चढवली, दोन्ही प्लग काढले, अंगठा लावला, दोरी ओढली. वर साँस. खाली साँस. चेहरा असा उजळला की काय सांगू!

"अंगूठे का ज़माना गया, उस्ताद," सफारी सूट म्हणाला आणि त्याने खिशातून दाब मोजायचं मीटर काढलं. "इससे देखो. पूरी तसल्ली से."

मीटरवरचे आकडे बारीक. मिस्त्रीजींचं म्हणणं, चष्मा म्हातारी माणसं लावतात. म्हणून मला बोलावणं आलं. मी वही घेऊन गेले, पट्टीने दोन रकाने आखले आणि त्यांवर लिहिलं : 'वर' आणि 'खाली'. या मोटरचे सिलिंडर एकावर एक असतात. तुम्ही हसाल, पण रकाने आखल्याशिवाय मला काही मोजल्यासारखं वाटत नाही.

मिस्त्रीजींनी सणसणून दोरी ओढली. "ऊपर, एक सौ दस!" मी ओरडले आणि लिहून घेतलं. मग मीटर दुसऱ्या भोकात बसवलं. पुन्हा दोरी, एकदा, दोनदा, पाचदा. काटा चढत होता. वहीकडे बघत मी मोठ्याने म्हटलं, "खाली…" आणि नीट आकडा वाचण्यासाठी वाकले.

आपल्या मराठीत खाली म्हणजे नीचे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. दिल्लीच्या आसपास तीस वर्षं काढून मी हे त्या क्षणी विसरले.

मिस्त्रीजींच्या हातातून दोरी सुटली. "खाली?"

"खाली कैसे होगा?" सफारी सूट उसळला. "सुबह ही तो दो चम्मच तेल डाला है उसमें!"

मिस्त्रीजी सावकाश त्याच्याकडे वळले. मागे एक कुत्रं कान खाजवत होतं.

मला काही कळेना. मिस्त्रीजींनी हळू आवाजात समजावलं : सिलिंडरमध्ये तेल ओतलं की झिजलेल्या फटी भरून जातात. अंगठा फसतो, मीटरही फसतं. मग त्यांनी मीटर काढलं, सफारी सूटवाल्याला त्या भोकासमोर उभं राहून नीट बघायला सांगितलं आणि दोरी ओढत राहिले. दोन चमचे तेल सूटवर उडालं. पुन्हा मोजलं. काटा साठाला थांबला.

मिस्त्रीजी स्टुलावर बसले. "अंगूठा बूढ़ा हो गया, मैडमजी."

"अंगूठा ठीक है," मी म्हटलं. "तेल ने झूठ बोला."

बोलले खरी, पण रविवार तीन दिवसांवर होता आणि मिस्त्रीजींकडे दुसरी मोटर नव्हती. त्यांनी ती तशीच, लोखंडाच्या भावाने ठेवून घेतली. सफारी सूटवाल्याने घासाघीस केली नाही, त्याला कपडे बदलायची घाई होती. सिलिंडर उघडला तर पिस्टनभोवतीची रिंग झिजलेली नव्हती, काजळीने खाचेत घट्ट अडकली होती. दोन दिवस ती रॉकेलमध्ये भिजली. शनिवारी संध्याकाळी मोटर पाण्याच्या पिंपात उभी करून सुरू केली. साऱ्या सेक्टरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास आला.

रविवारी तुमचे आजोबा आणि मी तलावावर गेलो. ठेकेदार होता, मेहुणाही आशेने उभा होता. मोटर बसवून झाली तेव्हा मिस्त्रीजी माझ्या कानाशी म्हणाले, "मैडमजी, मैं नाव में कभी बैठा नहीं हूँ."

"पोहता… म्हणजे, तैरना आता है?"

"वो किसलिए? डूबने का इरादा नहीं है."

पहिल्याच ओढीला मोटर गरजली आणि मिस्त्रीजी निघाले. आम्हाला घ्यायचं राहूनच गेलं. दोन्ही हातांनी दांडा कवटाळून ते तलावाला तीन फेऱ्या मारून आले आणि धक्क्याला दाणकन आपटले. ठेकेदाराने मेहुण्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीजींकडे. "रोकना कल सीख लेना," तो म्हणाला.

छप्पर गेलं, तिथे फोनचा बूथ आला. मिस्त्रीजी कित्येक रविवार तलावावर दिसायचे, गळ्यात स्कूटरची फुगवलेली ट्यूब अडकवून. पण पाणी दरवर्षी थोडं मागे सरकत होतं. कुणी म्हणे पाऊस कमी, कुणी म्हणे डोंगरातल्या खाणी.

एका उन्हाळ्यात गेलो तर धक्का कोरड्यात उभा होता आणि बोट पार लांब, चिखलात कलंडलेली. मिस्त्रीजींनी मोटर काढून खांद्यावर घेतली होती. आजोबांनी हाक मारली. ती पोचली नसावी. ते आटलेल्या तलावातून पलीकडच्या काठाकडे चालत राहिले, घोट्यापर्यंत रुतत, पाय उपसत, आणि त्यांच्या पाठीमागे मोटरचा पंखा वाऱ्यावर सावकाश फिरत होता.