एडसेलसाठी सोडलेलं गोड

गॅरेजवाल्याच्या घरात किस्से ग्रीससारखे असतात. कितीही पुसा, कुठे ना कुठे लागलेले सापडतातच! माझ्याकडचे सगळे एकाच गाडीचे. ती चालू होईपर्यंत गोडाला हात लावणार नाही, असा नवस मी आखातात, माबेला गावातल्या आमच्या घरी देवापुढे बोलले होते. कारण आमचे हे तिथल्या गॅरेजात फोरमन, आणि मालक, म्हणजे अर्बाब, स्पष्ट म्हणाले होते, "नॅशनल डेच्या मिरवणुकीत गाडी दिसली नाही, तर गॅरेज खलास. सगळे आपापल्या गावी!"

*

गाडी एडसेल. आपल्या आजोबांच्या काळात अमेरिकेत निघाली, कोणी घेईना म्हणून बंद पडली. पुढची जाळी उभट लांब, जणू कोणाची चुगली ऐकून "ऑ!" केलंय.

अर्बाबांना ती मागून कापून पिकअप करून हवी होती, खजुराच्या बागेसाठी.

"अशी एडसेल अमेरिकेतसुद्धा नाही!"

"होती तशीही कोणी घेतली नाही, अर्बाब," असं यांच्या अगदी ओठांवर आलं होतं म्हणे. गिळलं!

*

तिची गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे आपण हॉर्न दाबतो तिथेच. एकदा कशीबशी सुरू झाली तर अर्बाब स्वतः बसले. समोर बकरी आली. हॉर्न म्हणून त्यांनी मध्ये थाप मारली आणि गाडी सुसाट मागे! टायरांच्या ढिगात घुसली ती बंदच.

यांना इलेक्ट्रिशियन बशीरभाईंचा संशय, बशीरभाईंना यांचा, आणि अर्बाबांना बकरीचा.

"ये किसकी है? इसको किसने भेजा?"

*

मग एका सकाळी बंपरखाली लिंबू-मिरची सापडली. करणी! अर्बाब लालबुंद. बशीरभाई हळूच म्हणाले, "फोरमनच्या घरी उपासतापास फार चालतात."

संध्याकाळी हे दारातूनच, "अगं, तू बांधलीस?"

"मी? हातात आलेलं लिंबू वरणावर पिळीन की बंपरला बांधीन?"

"मग कोणी?"

"देव जाणे!"

जेवताना हे माझ्याकडे बघेनात. लिंबूही पिळून घेतलं नाही.

*

शुक्रवारी अर्बाब स्वतः घरी आले, हलव्याचा डबा घेऊन. "खाओ, भाभी."

मी हात जोडले. त्यांनी डोळे बारीक करून एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मेरे हलवे पे शक?"

मग नवसाचं सांगावंच लागलं.

"चाय में शक्कर?"

"नहीं."

"खजूर?"

"वो भी नहीं."

अर्बाबांनी डब्याचं झाकण लावलं. खजूर सोडणारी बाई खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. चपला घालताना मात्र थबकले. "भाभी, वो नींबू के साथ मिर्ची कितनी बांधते हैं?"

"सात."

"बस, ऐसे ही पूछा!"

*

नॅशनल डेला एडसेल पहिल्याच बटणाला सुरू झाली! हे स्टिअरिंगवर, मागे पिकअपमध्ये अर्बाबांची नातवंडं झेंडे घेऊन.

"माझं वायरिंग!" बशीरभाई म्हणाले.

"माझा कार्बोरेटर!" हे म्हणाले.

अर्बाबांनी हलवा पुढे केला, मी डोळे मिटून पहिला घास घेतला. डोळे उघडते तो काय, रुमाल काढताना त्यांच्या खिशातून एक हिरवी मिरची खाली पडली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"सलाड," अर्बाब म्हणाले.

तर बायांनो, तुमचंही काही अडलं असेल तर मनापासून नवस बोला आणि गोड सोडा. खजूरसुद्धा!