विमलची दीड ओळ

विमलच्या लेकीचा, करुणाचा फोन आला तेव्हा मी सुकटीला फोडणी देत होते. "मावशी, आई गेली गं," एवढंच ती म्हणाली. गॅस बंद केला. भिसेगावातून रिक्षानं कोंडाण्याला कशी पोचले ते आठवत नाही. घर माणसांनी भरलेलं, आणि सगळे विमलकडे बघत होते... आमच्या इतक्या कार्यक्रमांत असं कधी झालं नव्हतं.

आमच्या गायन पार्टीत मी पुढे, आणि विमल माझ्या डाव्या खांद्यामागे, कोरसला. बुद्धपौर्णिमा असो की जयंती, पांढऱ्या साड्या नेसून आम्ही गावोगाव भीमगीतं गायलो. पत्रिकेवर नाव माझं, हारही मलाच. खरं सांगायचं तर माझा दम मुळातच कमी. ओळ संपायच्या आधी तो संपायचा. विमलला हे पहिल्याच तालमीत कळलं, पण ती बोलली नाही. माझा शेवटचा शब्द ती किंचित आधी उचलायची, माझ्याच सुरात, आणि त्या आडोशाला मी श्वास घ्यायचे. लोक म्हणायचे, "ताईला दम केवढा हाय!" मग टेंपोत बसल्यावर विमल मला कोपर मारायची. "दम ताईचा, फुफ्फुसं माझी," म्हणायची आणि खो खो हसायची. एकदा मी म्हटलं, "अगं, एखादं गाणं तू पुढं येऊन म्हण की." तर म्हणाली, "नको गं ताई. पुढं उभं राहिलं की लोकं साडी बघतात. आमी मागंच बरे."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तशी करुणा माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, आईचा एकटीचा आवाज कुठं हाय का गं? फोटो लय हायत. आवाज नाय." मी छातीठोकपणे सांगितलं, आहे म्हणजे काय, ढिगानं रेकॉर्डिंग आहेत! घरी येऊन एकेक गाणं लावलं. सगळीकडे मीच. विमल आहे हे मला ठाऊक, कुठे आहे तेही ठाऊक, पण तिला माझ्यातून वेगळं काढता येईना. इतकी बेमालूम मिसळली होती ती. मला माझाच आवाज नकोसा झाला. करुणाला काय तोंड दाखवायचं, तेच कळेना.

शेवटी आमच्या ढोलकीवाल्या रमेशला विचारलं; रेकॉर्डिंग तोच करायचा. तो जरा घुटमळला. "कशेळ्याचं हाय, ताई. तुमी पुसून टाक बोलला व्हता ते." कशेळ्याला भर दुपारी, गाण्याच्या मध्यावर, मला जोराचा ठसका लागला होता. ते रेकॉर्डिंग ठेवायचं नाही, अशी माझी ताकीद होती.

"मग पुसलं का नाहीस?"

"ढोलकी बरी वाजली व्हती."

करुणाला बोलावलं आणि तिघांनी ऐकलं. मी गातेय, मग ठसका, खोकला... आणि विमल. एकटी. जरा जाड, मोकळा आवाज. मी समजत होते त्याहून कितीतरी मोठा. एक अख्खी ओळ ती गायली, दुसरी निम्मी. तेवढ्यात मी सावरले, पुन्हा गाऊ लागले, आणि ती लगेच मागे सरली. पुढे मग कुठेच ऐकू येत नाही.

करुणानं ते पुन्हा लावलं. परत लावलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. विमल मला फार हवी होती... आणि सारखं वाटत होतं, त्या दिवशी माझा ठसका इतक्यात थांबायला नको होता.