खुंट्यांच्या पलीकडचा तणमोर

तणमोर हा पक्षी मी पाहण्याच्या आधी खाल्ला, हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

पन्नासेक वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढच्या एका खेड्यात मी शाळेवर बाई होते. तेवीस वर्षांची, पुण्याहून आलेली, नाकावर चष्मा आणि नाक त्याहून वर. शाळा तपासायला साहेब येणार होते, आणि साहेबांना कोंबडी लागते ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. नेमकी त्या आठवड्यात गावातल्या कोंबड्यांवर मर आलेली. बाजारात एका पारध्याने पळसाच्या पानांत गुंडाळलेला, सोललेला पक्षी पुढे केला. "तणमोर हाय बाई," तो म्हणाला. हा कसा दिसतो, राहतो कुठे, असे किती उरलेत, यातलं मी काहीही विचारलं नाही. मी विचारलं, "शिजायला किती वेळ लागतो?"

साहेबांना तो मी गावठी कोंबडी म्हणून वाढला. उरलेला स्वतः खाल्ला. साहेबांनी शाळेला उत्तम शेरा दिला आणि पुढच्या तपासणीआधी निरोप धाडला, 'तीच कोंबडी असू द्या.' ती तेवीस वर्षांची बया आज समोर आली तर मी तिचा कान धरीन. अर्थात ती ऐकणार नाही. तेव्हाही कुणाचं ऐकत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मला पक्षी पाहायचा नाद लागला. आमच्या पुण्याच्या मंडळात एकदा पडद्यावर तणमोराचं चित्र आलं. काळाभोर नर, खांद्यापाशी पांढरा, डोक्यामागे लांब तुरे, गवतातून उंच उडी मारताना टिपलेला. माळ नांगरले गेले, गवत संपलं, आता देशात मोजकेच राहिलेत, असं सांगणारा सांगत होता. आणि मी मोठ्याने म्हणाले, "अय्या, तणमोर? हा मी रश्शात केलाय!"

सभागृहात इतकी शांतता मी वर्गातही कधी मिळवली नव्हती.

त्या दिवसापासून माझी मैत्रीण मालती माझी ओळख करून देते ती अशी, "ह्या आमच्या तणमोर खाल्लेल्या." ती मात्र गेल्या वर्षी राजस्थानात जाऊन तणमोर पाहून आली. जीपमध्ये बसून, चहा पिता पिता, दहा मिनिटं. फोटो तिच्या फोनच्या दर्शनी पडद्यावर आहे. किती वाजले हे सांगतानाही ती फोन माझ्याकडे वळवून सांगते. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, गुडघे शाबूत, आणि वर तणमोर. माणसाने जळायचं तरी किती?

अशात एका जुन्या सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. दारव्ह्याकडच्या माळावर तणमोराची घरटी राखणारी पारधी बाई. खाली त्याने लिहिलं होतं, 'ही आपली बिजली. तुमच्या दुसरीच्या वर्गात होती.' पहिल्यांदा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. माझा फोटो वर्तमानपत्रात एकदाही आला नाही, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं, चला, मालतीला उत्तर सापडलं.

सहकाऱ्याकडून नंबर घेऊन बिजलीला येते म्हणून कळवलं आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात निघाले. रेल्वेने बडनेरा, तिथून एसटीने नेर. नेरच्या स्टँडबाहेर आलूबोंडा आणि त्यावर झणझणीत तर्री (तेलाचा तवंग असलेला लाल रस्सा) खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत दारव्ह्याच्या गाडीत बसले. शेजारी एक म्हातारी होती. तिने कंडक्टरला कार्ड दाखवलं. पंचाहत्तर पूर्ण, प्रवास फुकट. मी चौऱ्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा वय कमी असल्याचं वाईट वाटलं.

"कुठं चालल्या?" तिने विचारलं.

"पक्षी पाहायला. तणमोर."

"पुण्याहून? पाखरू पाह्याले? घरचे काही म्हणत नाहीत?"

"घरच्यांनीच तिकीट काढून दिलं."

"मंग बरोबर हाय. चार दिवस थे बी सुटले."

खिडकीबाहेर कपाशी, सोयाबीन, तूर, पुन्हा कपाशी. माझ्या वेळी या रस्त्याला मैलोन्‌मैल गवत होतं आणि मी पत्रात घरी लिहायचे, 'इथे पाहण्यासारखं काही नाही.' आता ते गवत पाहायला सातशे किलोमीटर आले होते, तर ते सापडेना.

फाट्यावर बिजली उभी होती. साठीला आलेली, सडपातळ, कपाळावर गोंदण. मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"माय वो, बाई! एवढ्याश्या झाल्या तुमी? तव्हा तं दारात मावत नव्हत्या!"

तिच्या बेड्यावर (पारध्यांच्या वस्तीवर) तिचं दोन खोल्यांचं घर आहे. एकटीच राहते. जेवायला आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. दुसऱ्या घासाला मला राहवेना. मी तिला साहेबांची आणि कोंबडीची गोष्ट सांगितली.

"मालूम हाय मले," भाकर थापता थापता ती म्हणाली. "माझ्या बापानंच धरलाता थो. त्याच्यावर आमच्या घरी जवारी आलती."

"तुला राग नाही आला माझा?"

"राग कायचा? जळत होती मी तुमच्यावर. बाप धरे, माय सोले, अन् खाये दुसरेच. आमच्या तोंडी कधी लागलाच नाही. सांगा न, चव कशी होती?"

"आठवत नाही गं. मसाला फार झाला होता."

"घ्या! म्हंजे खाल्ला थो बी वायाच!"

सकाळी तिने मला माळावर नेलं. ई-क्लासची (सरकारी गायरानाची) जमीन, चारी बाजूंनी सोयाबीन, मध्ये कमरेएवढं गवत. एका जागी लाकडी खुंट्यांचं मोठं रिंगण होतं आणि प्रत्येक खुंटीला लाल चिंधी.

"ह्या बापाच्या खुंट्या," ती म्हणाली. "आंधी ह्यायले फासे राहत. एका वळीत लावायच्या, पाखरू चालत चालत येते अन् पाय अडकते. फासे मी जाळून टाकले, खुंट्या ठेवल्या. मंधात मादी बसून हाय. इथून पुढं मी बी जात नाही."

"अंडी पाहिलीस?"

"एकडाव. तीन हायेत. मंग घडीघडी पाह्याची गरज काय?"

अंडी फुटेपर्यंत मादीला कुणी उठवायचं नाही, एवढंच तिचं काम. उठवली तर ती परत येईल याची खात्री नाही, आणि आली तरी तोवर अंडी जगतील याची नाही. या माळावर यंदा हे एकच घरटं होतं. दर वर्षी पोळ्याला सगळा गाव बैलांसाठी इथलं हिरवं गवत कापायचा. बिजलीने दारोदार फिरून, काहींच्या पाया पडून आणि काहींशी भांडून, ते थांबवलं होतं.

नर मात्र रिंगणाबाहेर, उतारावरच्या गवतात नाचतो. तो पाहायला आम्ही बांधावर बसलो. बसलो म्हणजे, मी दुर्बीण लावून समोर तोंड करून, आणि बिजली गवताकडे पाठ करून डाळीतले खडे निवडत.

"उडाला," ती म्हणाली.

मी दुर्बीण फिरवली. गवत.

"आता डाव्या अंगाले. उडाला."

गवत.

"तुला पाठीला डोळे आहेत का गं?"

"आयका न. बेडकावानी टर्र करते उडतानी. बाप कानानंच धरे."

तिला तो ऐकू येत होता, आणि मला माझा चष्मा व दुर्बीण एकमेकांवर आपटल्याचा आवाज. नऊ वाजेपर्यंत तिने मला अकरा उड्या सांगितल्या. मी एकही पाहिली नाही. तेवढ्यात दादाराव नावाचा शेजारचा शेतकरी बैलजोडी घेऊन चालला होता, तो थांबला.

"बिजलीबाई, दाखवलं का नाही पाव्हणीले तुह्यं लेकरू?"

"त्यायले दिसूनच नाही राह्यलं."

"अरे बाप्पा! मले तं डवरणी (पिकातली कोळपणी) करतानी रोज दिसते. काल बैल बी पाहून राह्यला होता."

बैलावर जळण्याची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती.

दुसऱ्या सकाळीही तेच झालं. तिसरा दिवस परतीचा. उजाडताना उठले तर फोनवर मालतीचा निरोप, 'दिसला का गं?' आणि पुढे हसणारी तीन तोंडं. खाली तिचा तो फोटो, मला विसर पडू नये म्हणून.

बिजली चूल पेटवत होती. मी चप्पल घातली आणि "येते जरा जाऊन" म्हणून निघाले. नर नाही तर नाही, मादी तर जागेवर बसलेली आहे, मी मनाशी हिशेब केला. दुरून, एक नजर. खुंट्यांपाशी क्षणभर थांबले. थांबले हे लिहून ठेवते, म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणायला नको. मग ओलांडून आत गेले. त्या तेवीस वर्षांच्या बयेची मी इतकी थट्टा करते, पण त्या सकाळी पुढे तीच चालत होती, फक्त गुडघे माझे होते.

वीस-पंचवीस पावलं गेले असेन. पायाशी गवत फाटल्यासारखा आवाज झाला आणि एक तपकिरी पक्षी उठला. लांब मान, लोंबते पाय, पंखांची घाई. गवताला घासत गेला आणि उताराखाली नाहीसा झाला. मी फोन दाबला. फोटो निघाला! तणमोराची मादी, चार फुटांवरून, पायी चालत जाऊन. घे मालती, म्हटलं, घे!

मग खाली पाहिलं. दबलेल्या गवतात तीन हिरवट अंडी होती. माझी डावी चप्पल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर.

"हालू नोका," मागून बिजली म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी जशी गेले होते तशीच, माझ्याच पावलांवर पाय ठेवायला लावत तिने मला मागे आणलं. आणि मी तुडवलेलं गवत हातातल्या काडीने एकेक करून उभं करत माझ्यामागून आली.

"हे कशाला?"

"माणसाच्या वाटेनं कुत्रं येते, मुंगूस येते. बापानं शिकवलं हे. तव्हा आमची वाट पाखराले दिसू नये म्हणून. आता बाकीच्यायले दिसू नये म्हणून."

खुंट्यांबाहेर येऊन आम्ही बांधावर बसलो. तीन दिवस ढगात असलेलं ऊन नेमकं तेव्हा पडलं. दोन कावळे घिरट्या घालायला लागले. बिजली उठून ढेकळं मारायची आणि पुन्हा बसायची. आज ती गवताकडे तोंड करून बसली होती. मी काहीबाही बोलत होते. दुपार झाली तरी मादी आली नव्हती.

"मी तिकीट बदलते," मी म्हणाले. "राहते दोन दिवस. कावळे हाकलीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. "निंघा बाई. तुमी इथं हाय तंवर थे येत नाही."

पिशवी तिनेच फाट्यापर्यंत आणून दिली. वाटेत खायला भाकर आणि ठेचा बांधून दिला. एसटी सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर ती माळाकडे निघूनही गेली होती, जवळजवळ पळत.

गाडीत फोटो उघडला. एक तपकिरी फराटा, वर आभाळ, खाली माझ्या अंगठ्याचं टोक. मालतीला मात्र तो पुरला असता. नेर यायच्या आधी मी तो पुसून टाकला.

मंडळाच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मग? दिसला का?"

"नाही," मी म्हणाले.

"अगंबाई! पुढच्या वर्षी चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि खरंच प्रेमाने माझा हात दाबला. तिच्या त्या चांगुलपणावरही मी जळले, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना लक्षात आलं की मालतीवरचं माझं जळणं आता नुसतं सवयीचं उरलं आहे. खरी आग निराळी होती. माझी दुसरीतली पोर. तिच्या मागे दहा पावलांवर जगातला एक दुर्मीळ पक्षी उड्या मारतो, आणि ती डाळ निवडत बसू शकते. मान वळवावी असंही तिला वाटत नाही. एवढी श्रीमंती मी अजून कुणाकडे पाहिलेली नाही, आणि ती मला मिळेल इतकं माझं वय आता उरलं नाही.

रोज फोन करावासा वाटायचा. केला नाही. हिंमतच झाली नाही. मग सोळाव्या दिवशी तिचाच आला. माझे गुडघे कसे आहेत विचारलं. पोळा झाला म्हणाली, दादारावच्या बैलाला यंदा तोरणात पहिला मान मिळाला म्हणाली, गवताला कुणी हात लावला नाही म्हणाली. मी नुसती हं हं करत राहिले. मी विचारणार नाही हे बहुधा तिला कळलं. मग तीच म्हणाली,

"दोन पिल्लं निंघाले बाई. मायच्या मांगं पयत होते. तिसरं अंडं थंडं राह्यलं. थे तुमचं."