पुन्हा सांग, कोनता पंप?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव आणि भुतं, दोघांनाही बंदी. त्यात मी अमरावतीला संख्याशास्त्र शिकवते. तरी हे लिहितेय... कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

सध्या माझ्याकडे एक काम आहे — अणुवीज केंद्रांतल्या छोट्या-मोठ्या घटनांचे अहवाल वाचायचे आणि कोणत्या चुका वाढतायत ते शोधायचं. सुट्टीत अकोल्याला आईबाबांकडे गेले, तिथेही लॅपटॉप उघडाच. एक गोष्ट ठळक दिसत होती. या लोकांची पद्धत अशी, की फोनवर मिळालेली सूचना ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायची आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच यंत्राला हात लावायचा. जिथे ही सवय ढिली पडली, तिथे भलत्याच यंत्रावर काम होण्याचे प्रकार वाढत होते.

बाबांची अख्खी नोकरी अशाच केंद्रात गेली. आईने "मीठ आना" म्हटलं की "मीठ आनतो" म्हणायचे, आणि ती "बराबर" म्हणेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. आम्ही जाम चिडवायचो. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला आणि वाचा गेली. धाकटा भाऊ नितीन आता त्याच कामात आहे, दूर परराज्यात.

त्या दुपारी आई बाबांना पेज भरवत होती. अचानक बाबांनी तिचा हात बाजूला केला आणि स्पष्ट म्हणाले, "पुन्हा सांग. कोनता पंप?"

आईच्या हातून वाटी पडली. बाबा आमच्याकडे बघतही नव्हते. काहीतरी ऐकत असल्यासारखे थांबले, मग म्हणाले, "बराबर." आणि डोळे मिटून घेतले.

"बोलले ना वं हे? तुले आयकू आलं ना?" आई मला विचारत राहिली.

संध्याकाळी नितीनचा फोन आला.

"ताई, आज दुपारी मी मेलोच असतो. घाईत सूचना परत म्हटली नाही, अन् पंपाचे बोल्ट खोलाले बसलो. पाना लावला तं मांगून आवाज आला... पुन्हा सांग, कोनता पंप. मी 'दोन नंबर' म्हटलं. तं म्हने, बराबर. मंग पाटी पाह्यली. मी एक नंबरपाशी होतो, ताई. तो चालू होता. अंदर उकळतं पानी, प्रेशरमंदी."

"मागे कोण होतं?"

"कोनीच नाही." तो रडायलाच लागला. "आवाज बाबांचा होता. ताई, खरं सांग... बाबा गेले का?"

मी खाटेकडे पाहिलं. बाबा गाढ झोपले होते, घोरत होते. मी "नाही रे" म्हणाले आणि फोन बाबांच्या तोंडाजवळ धरला.

डॉक्टर म्हणतात, अशा लकव्यात एखाद वेळी शब्द सुटतो. सुटला असेल. पण अकोल्याच्या खाटेवर सुटलेला शब्द नितीनच्या कानाशी कसा पोचला, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही. बाबा त्यानंतर एक अक्षर बोललेले नाहीत.