सुपरहिरोच्या कपाळी कुंकू

एका दसऱ्याला मी दुसऱ्याच्या मालकीच्या सुपरहिरोला हळदकुंकू लावलं. तेही ओलं. कपाळाच्या बरोब्बर मध्यावर, अनामिकेनं, अगदी मन लावून.

तेव्हा मी इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या एका हॉस्पिटलात नवीकोरी डॉक्टर होते. वजन पंचेचाळीस किलो आणि त्यातलं निम्मं अकलेचं, असा माझा समज. क्वार्टर्समधल्या खोलीत सूटकेस आडवी टाकली, तिच्यावर ओढणी पसरली, त्यावर अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक, स्टेथोस्कोप आणि सगळ्यात वर त्या सुपरहिरोचं कॉमिक ठेवलं. घरी दसऱ्याला पुस्तकांवरून हळदकुंकवाचा हात फिरायचा तसाच फिरला. हाताला काय कळतंय, पुस्तक कुणाचं ते!

कॉमिक होतं स्टॅनमोरच्या काकांचं. काका म्हणजे वडिलांच्या ओळखीचे, निवृत्तीला आलेले मराठी सर्जन. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. काकूंची आमटी हे निमित्त. खरी ओढ जिन्याखालच्या कपाटाची. त्यात काकांनी या देशात आल्यापासून जमवलेले अंक होते. "यातलं एक पान आजवर घराबाहेर गेलेलं नाही," असं बजावून त्यांनी पहिल्यांदाच एक अंक मला दिला होता. अख्ख्या इंग्लंडात मला माझं वाटावं असं ते एकच घर होतं, आणि तेच मी कुंकवाच्या एका बोटानं पणाला लावलं.

त्या नायकावर माझा जीव शाळेपासूनचा. उडतो म्हणून नव्हे; उडणारे पुष्कळ आहेत. हा दिवसभर कचेरीत साहेबाची बोलणी खातो आणि एका बोटानं टेबल मोडता येत असूनही मान खाली घालून "हो सर" म्हणतो. वॉर्डात कन्सल्टंट माझ्यावर खेकसले की मी त्याला आठवून "येस सर" म्हणायची. टेबल माझ्यानं मोडलं नसतंच, पण मोठ्या मनानं मोडत नाहीये असं वाटायचं.

त्याचे सगळे अवतार मी पाहिलेत. ज्यात पाठीमागची तार स्पष्ट दिसते ती जुनी मालिका, कार्टून्स, आणि हल्लीचे ते अंधारे सिनेमे, ज्यांत बिचारा हसायचंच विसरलाय. नवा नट आला की मी नातीला सांगते, "हा नाही गं बाई." पॉपकॉर्न संपेपर्यंत तोच माझा झालेला असतो. "आजी, तू एव्हरी टाइम सेम बोलते," इति नात.

तर कुंकू. ते कुणाच्या अंकावर लागलंय हे ध्यानात आलं आणि मग मी डॉक्टर असल्याचं मला आठवलं. घात तिथे झाला. स्पिरिटचा बोळा घेऊन मी जखम पुसावी तसं हलक्या हातानं पुसलं. कुंकू गालांपर्यंत उतरलं, एक भुवई नाहीशी झाली. जगाला वाचवणारा तो पुरुषोत्तम गोवर आल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

रविवारी बसमध्ये मी तीन थापा तयार केल्या. ट्रेनमध्ये राहिलं, मैत्रिणीनं नेलं, चोरी झाली. तिन्ही चांगल्या होत्या. पण स्टॅनमोर जवळ आलं तसं वाटायला लागलं, थापा तर माझा नायकही मारतो, चष्मा लावून साधा माणूस असल्याची रोज मारतो. फक्त त्या दुसऱ्यांना वाचवायला असतात. मी निघाले होते स्वतःला वाचवायला.

दारातच मी पिशवी काकांच्या हातात दिली. त्यांनी अंक दिव्याखाली धरला.

"अहो, काय झालं?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पूजा झालीय याची," काका म्हणाले. चेहरा तोच, ऑपरेशननंतर नातेवाइकांसमोर येतानाचा.

मी भडाभडा सगळं सांगितलं. दसरा, ओढणी, स्पिरिट. शेवटी म्हणाले, "काका, परत येऊ नकोस म्हणालात तरी चालेल." मुळीच चाललं नसतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "कुंकू लावलंस त्याचं काही नाही गं. पुसायला कशाला गेलीस? आता पुढचा अंक घरी न्यायला मिळायचा नाही. रविवारी जरा लवकर येत जा आणि इथं बसून वाच."