अक्काच्या भुकेवरचं इंजेक्शन

"भूक शे तं मानूस शे," असं म्हणत मेसवाली अक्का न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकायची. नको म्हणणाऱ्याच्या मनगटावर पळीचा दांडा हलकेच बसायचा.

हे वाक्य तिने घरातूनच आणलं होतं. सोनगीरला तिचे आईवडील रोजंदारीवर जायचे. काम मिळालं नाही त्या दिवशी आई ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि माणसं वाढतील तसं पाणी वाढवायची. त्या घरात कोणी "भूक नाही" म्हणालं, की आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहायची. आमच्या घरीही फार वेगळं नव्हतं. वडील रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये भरायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जळगावला फार्मसी शिकलो आणि शिकताना अक्काच्या मेसमध्ये जेवलो. पोटभर म्हणजे किती, ते मला तिथे कळलं.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. शेवटचा माणूस हात धुवून उठेपर्यंत त्या स्वतः घास घेत नाहीत. अक्का तशीच. सगळ्यांचं झालं की परातीजवळ बसायची आणि दोन माणसांचं जेवायची. पुढे साखर निघाली. वर्षानुवर्षं पातेली उचलून बेंबीजवळ हर्निया आला. सर्जननी सांगितलं, साखर आणि वजन उतरवा, मगच ऑपरेशन. तोवर आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, हेही सांगितलं.

साखरेच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन ती मी काम करतो त्या मेडिकलमध्ये आली.

"हाई करस काय, भाऊ?"

"अक्का, आपण जेवलो की आतडं मेंदूला निरोप धाडतं, आता पुरे. हे औषध त्या निरोपाची नक्कल करतं. रक्तात साखर वाढली की इन्सुलिन सोडायला लावतं. आणि पोटातलं अन्न लवकर पुढे सरकू देत नाही."

"म्हंजे पोटाले खोटं सांगस."

"तसंच समजा. मळमळेल, उलटी होईल, पोट साफ होणार नाही. म्हणून डोस हळूहळू वाढवायचा. पोटात जोराची कळ येऊन पाठीत गेली, तर मला विचारत बसू नका. सरळ दवाखाना गाठा."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "कोनले सांगू नको. मेसवालीच भूक मारानं औषध लेस, हाई कळनं तं कोन येई जेवाले?"

मेसचा फ्रिज पोरं पाण्यासाठी सारखी उघडायची, म्हणून तिचं इंजेक्शनचं पेन आमच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये राहिलं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे. तेव्हा ती यायची, आतल्या खोलीत पदर बाजूला करून पोटाला सुई टोचून घ्यायची.

औषध लागू पडलं. साखर उतरली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पोरं म्हणायची, "अक्का, तरुण झाली तू!" ती हसायची. पण फोडणीचा वास आला की तोंडाला पदर लावून मागच्या दाराने मोरीकडे जायची. भाजी चाखेनाशी झाली. एकदा शेवभाजीत मीठच नव्हतं, तरी तिच्या लक्षात आलं नाही. मनगटावरची पळीही थांबली. कोणी अर्ध्या ताटावरून उठलं तरी ती नुसती बघत राहायची. मला ते बघवत नसे.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी बजावलं, "सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनचं सांगा. तुमचं पोट इतरांसारखं रिकामं होत नाही."

"सांगी दिन्हं रे," ती म्हणाली. नजर मात्र भिंतीकडे.

ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्यात गेलो. खाटेभोवती मेसची पोरं उभी होती. अक्का हिरव्या गाऊनमध्ये, अंग चोरून बसलेली. तिला ढेकर आला. वांग्याच्या भरताचा आणि लसणाचा आंबूस वास माझ्यापर्यंत आला.

"अक्का, भरीत कधी खाल्लं?"

"काल सकाळले. घासभर. मंग पानीबी नई."

काल सकाळचं भरीत अजून पोटात होतं.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. "उपाशी आहात ना? औषधं कोणती चालू आहेत?"

"साखरन्या गोळ्या," अक्का म्हणाली.

"आणखी काही? इंजेक्शन वगैरे?"

अक्काने पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलू नको, असं ते बघणं होतं. "नई," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणालो. "दर आठवड्याला घेतात. परवाच्या रविवारीही घेतलंय. भूक कमी करणारं." औषधाचं नाव आणि डोसही सांगितला.

एक पोरगा हसला. "वा अक्का! आम्हाला भाकऱ्या कोंबायच्या अन् स्वतः भूक मारायची सुई?"

मॅडमनी सोनोग्राफीचं मशीन मागवून तिचं पोट पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "अन्न आहे. भूल दिली असती आणि हे वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर हातात काही राहिलं नसतं." ऑपरेशन रद्द झालं.

पोरं गेल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "माले उघडं पाडं तू."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मेसची पोरं आपोआप कमी झाली की तिनेच मेस बंद केली, हे मला आजही सांगता येणार नाही. मेस होती तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. ती भावाकडे सोनगीरला गेली. तिचं पेन बरेच दिवस आमच्या फ्रिजमध्ये पडून होतं.

एके दुपारी तिच्या भावाचा फोन आला. मागे कोणीतरी म्हणत होतं, "त्याले सांगानी काय गरज?" आवाज अक्काचाच होता. तरी त्याने सांगितलं. इंजेक्शन तिकडे पुन्हा चालू होतं आणि या वेळी डॉक्टरांना ते आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी ते वेळेवर थांबवलं होतं, आदल्या दिवशी फक्त पातळ अन्न दिलं होतं, भूल द्यायच्या आधी पोट तपासलं होतं. ते रिकामं होतं. धुळ्यात अक्काचं ऑपरेशन झालं आणि ती भुलीतून नीट बाहेर आली.